हिरव्या पट्टीशी भांडण

"उतर की पोरी खाली," वॉर्डबॉय इलाहीमामा म्हणाले. "गादी न्यायची हाय."

"कुठली गादी?"

"हवेची. तुज्या आज्जाच्या खालची. सहा नंबरच्या म्हातारीला लावायची हाय."

मी पलंगाच्या पायथ्याशी मांडी ठोकून बसले होते आणि आज्जाच्या पोटऱ्या चेपत होते. सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती, सांगलीत ऊन मी म्हणत होतं, आणि हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरचा पंखा वारा घालायच्या ऐवजी नुसता करकरत होता. आज्जाच्या खालची गादी मात्र इमानदार. तिच्या नळ्यांत आळीपाळीनं हवा भरायची, उतरायची. लकवा झालेल्या माणसाला कूस बदलता येत नाही, त्याचं अंग एकाच जागी दबून राहिलं की तिथली कातडी मरते, आतपर्यंत जखम होते. ती होऊ नये म्हणून ती गादी. पहिल्याच दिवशी सुवार्ता सिस्टरांनी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या बाबांची पट्टी बदलणं चाललं होतं. मी बघायला नको होतं, पण बघितलं. त्यामुळं 'गादी न्यायची' म्हटल्यावर माझे हात थांबले.

"का न्यायची?"

"मशीननं हिरवा दिलाय आज्जाला. उतर, माज्या मागं अजून दोन वॉर्ड हायत."

त्या वेळची मी म्हणजे काय होते ते सांगायला हवं. आता शाळेत वक्तृत्वाला कुणी मिळालं नाही की बाई न विचारता माझं नाव घालतात. तेव्हा हजेरीला 'हजर' म्हणायचं तरी मला घाम फुटायचा आणि 'सन्मती चौगुले आज पण गैरहजर?' असं बाई मी समोर बसलेली असताना विचारायच्या. ती मी पलंगावरून उतरले, भिंतीपाशी गेले, गादीच्या पंपाचा प्लग जिथं होता तिथं पाठ लावून उभी राहिले आणि म्हणाले, "न्हाई."

इलाहीमामांना वाटलं मी कडेला झाले. ते वाकले. मी प्लगवर हात ठेवला.

"आरं तिच्या," ते म्हणाले आणि सिस्टरांना हाक मारायला गेले.

तेवढ्यात भूपालकाका खालून चहाचा थर्मास घेऊन आला. माझा थोरला काका. गंजीपासून गाडीपर्यंत सगळ्याला इस्त्री मारून ठेवणारा, डॉक्टर दिसले की चप्पल काढणारा.

"काय गं, भिंतीला का चिकटलीस?"

"गादी काढायला आलेत."

"मग काढू दे की! सन्मे, खुळी का काय तू? सकाळी हिरवा आला तेव्हा अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले मी. गादी लागत न्हाई म्हणजे आण्णा सुधारायला लागले. चांगली गोष्ट हाय ही."

पेढ्यांचा खोका खिडकीत होता. अर्धा उरलेला. आज्जाच्या उशाशी पण एक पेढा ठेवला होता, नळीतून जेवणाऱ्या माणसाच्या.

आज्जाकडं बघितलं. तो पंख्याकडं बघत होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, डाव्या हातात थोडासा जीव आहे असं डॉक्टर म्हणायचे, पण आम्हाला कधी दिसला नव्हता. आणि हा माणूस कोण होता? हळदीच्या पेठेतला आदगोंडा चौगुले. सौद्याला उभा राहिला की पलीकडच्या गाळ्यातले हमाल पोती ठेवून ऐकायला यायचे. पण खरा भाव तो तोंडानं कधी बोलायचा नाही. पूर्वीच्या रीतीप्रमाणं रुमालाखाली हात घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, समोरचा बोटं दाबून उत्तर द्यायचा, आणि अख्खी मूठ दाबली की सौदा पक्का. मूठ दाबून मागं फिरला तो बाजारातनं गेला. मी लहान असताना आमचा हाच खेळ होता. कैरीसाठी, सायकलसाठी, शाळेला दांडी मारण्यासाठी, सगळं रुमालाखाली. हरले की मी रडायचे, मग तो म्हणायचा, "आकड्याशी काय भांडतीस? आकडा मुका असतो. 'का?' म्हणून विचार. कारण सांगितलं की कारणाशी भांड. कारण लंगडं निघालं की आकडा आपोआप पडतो."

हॉस्पिटलात आणल्यापासून मी रोज त्याच्या डाव्या हातावर रुमाल टाकून बोटं आत सरकवत होते. काही नाही. गार हळकुंडं हातात धरल्यासारखं वाटायचं.

सुवार्ता सिस्टर आल्या. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात कुणाची तरी सलाईनची बाटली, चेहऱ्यावर 'मला वेळ नाही' असं छापलेलं.

"कोण अडवतंय?"

"ही बारकी," इलाहीमामा म्हणाले.

"बाळ, बाजूला हो. सहा नंबरच्या आजी लाल आहेत. हे बघ." त्यांनी टॅब माझ्यासमोर धरला. लाल गोळा. "आणि तुझे आजोबा हिरवे. गादी कुणाला द्यायची, तूच सांग."

सहा नंबरच्या आजींची सून पलीकडून आमच्याकडं बघत होती. चिडून नाही. नुसती बघत होती, त्यानं जास्तच लाजल्यासारखं झालं. काका म्हणाला, "चुकलं सिस्टर, लहान आहे. सन्मे, हात काढ."

"आज्जा हिरवा का?" मी विचारलं.

"का म्हणजे?"

"कारण सांगा की. तुमचं मशीन कारण सांगतं न्हवं?"

हे मला माहीत होतं, कारण ते मशीन बनवणाऱ्या मुग्धा मॅडमनी वॉर्डात सगळ्यांना गोळा करून तसं सांगितलं होतं. पेशंटच्या अंगाखाली एक पातळ चादर, तिच्यात हालचाल ओळखायच्या तारा. त्यात वय, साखर, जेवण, रक्ताचे रिपोर्ट मिळवायचे आणि जखम होण्याचा धोका किती ते मशीन सांगणार. आणि नुसतं रंग दाखवून गप्प बसणार नाही, का ते पण सांगणार, आणि मराठीत, नातेवाइकांना कळेल असं. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर कुणी कारणं उघडून बघितली नव्हती. हिरवा म्हणजे पेढे, लाल म्हणजे रडारड.

सिस्टरांनी उसासा टाकून आज्जाच्या नावावर बोट टेकवलं.

पट्ट्या उघडल्या. वय: लाल पट्टी. लकवा: लाल, चांगली जाडजूड. साखर: लाल. जेवण: बारीकशी लाल. आणि त्या सगळ्यांच्या खाली एक हिरवी पट्टी, इतकी लांब की स्क्रीनच्या पार त्या टोकाला जाऊन भिडलेली. तिच्यावर लिहिलं होतं: रुग्णाची स्वतःची हालचाल, भरपूर.

"भरपूर!" काका टॅबवर वाकून म्हणाला. त्याचे डोळे भरले. "वाच, वाच मोठ्यानं. भरपूर!"

मी वाचलं. मोठ्यानं नाही, पण पुन्हा पुन्हा. आज्जा भरपूर हलतो? कधी?

आमच्या घराण्यात आजारी माणसाजवळ नुसतं बसणं म्हणजे पाप. येईल त्यानं आधी पायथ्याशी बसायचं आणि पाय चेपायला घ्यायचे. सकाळी आई, मग काका, दुपारी मी, मग जयसिंगपूरची आत्या, तिच्यामागं आत्याचे दीर, पेठेतले मित्र, ज्यांनी आयुष्यभर आज्जाशी भावावरून वैर केलं ते सुद्धा. चहा नको म्हणतील पण पाय द्या म्हणतील. आज्जाचे पाय रिकामे राहिलेच नव्हते. आणि आम्ही हळू चेपणारी माणसं नव्हे. हळदीची पोती उचललेले हात. आम्ही चेपायला लागलो की पलंग डुलायचा.

पलंग डुलायचा.

"सिस्टर," मी म्हणाले, "हे आज्जा न्हाई. हे आम्ही आहे."

"काय?"

"ही पट्टी. हा आज्जा हलत न्हाई. आम्ही पाय चेपतो, ते हलतंय. मशीनला वाटतंय आज्जाच हलतोय."

काकानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी आज्जाच्या तोंडातला घास काढून घेतला होता.

"काय बोलतीस तू? एवढं शिकलेल्या माणसांचं मशीन म्हणतंय हलतात, आणि तू सख्खी नात म्हणतीस हलत न्हाईत? कुणाच्या बाजूची हाईस तू?"

"आज्जाच्या."

"मग?"

"मग काय? तो हलत असता तर मी पण पेढे वाटले असते. तू बघितलंस का त्याला हलताना, काका? खरं सांग. तुझा हात त्याच्यावर नसताना?"

काकानं थर्मास खाली ठेवला आणि आज्जाचा गुडघा धरला. मला रडू फुटत होतं, आवाज शेळीसारखा थरथरत होता, आणि सगळा वॉर्ड ऐकत होता. पण प्लग मी सोडला नाही. आकडा मुका असतो. कारण हातात आलं होतं आणि ते लंगडं होतं.

सिस्टरांनी सलाईनची बाटली इलाहीमामांच्या हातात दिली आणि आज्जाच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. उजवी टाच उचलून बघितली.

"लाल तर दिसत नाही," त्या म्हणाल्या, पण आधीसारख्या घाईत नाही.

"लाल कशी दिसंल सिस्टर? रंग बघा की त्याचा. आज्जा लाजला तरी कुणाला कळायचं न्हाई."

इलाहीमामा फिस्सकन हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजा काढला, बोटांची पाठ उजव्या टाचेला लावली. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. अंगठ्यानं हलकेच दाबून बघितलं.

"ही गरम आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि मऊ पडलीय." मग मान वळवून म्हणाल्या, "मामा, गादी राहू द्या. आणि मुग्धा मॅडमना वर बोलवा. आत्ताच्या आत्ता म्हणावं."

मुग्धा मॅडम आल्या त्या केसात पेन्सिल खोचून, धापा टाकत. पुण्याच्या. सिस्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. मॅडम माझ्याकडं वळल्या.

"चेपता म्हणजे? किती वेळ?"

"दिवसभर. आळीपाळीनं."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "गादी फुगते-उतरते ते वजा केलं. शेजारून ट्रॉली गेली, पंखा हलला, ते वजा केलं. पाय चेपणं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"तुमच्याकडं पेशंटचे पाय चेपत न्हाईत?"

"आमच्याकडं पेशंटजवळ मोबाईल बघत बसतात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी टॅबवर दुसरंच काहीतरी उघडलं. एक रेघ, डावीकडून उजवीकडं सरकणारी. "हे आत्ता, या क्षणाला पलंगावर काय हलतंय ते. सगळ्यांनी हात काढा. कुणी पलंगाला टेकू पण नका."

मी मागं सरले. सिस्टर सरल्या. रेघेवर बारीक बारीक लाटा उठतच राहिल्या.

काकाचा हात आज्जाच्या गुडघ्यावर होता. तो चेपत होता. सावकाश, वरून खाली, लहानपणी मला झोपवायला थोपटायचा तसं.

"काका, हात."

"राहू दे की गं."

"काका."

"हलत असतील गं ते. थोडंतरी हलत असतील."

काका हे टॅबला सांगत नव्हता आणि मला पण नाही. तेव्हा मला कळलं की गादी सोडायला तो इतका तयार का होता. ती हिरवी पट्टी म्हणजे त्याचा बाप होता, बरा होत चाललेला. आणि मी ती मोडायला निघाले होते. क्षणभर वाटलं, सोडावा तो प्लग. काकाला राहू दे त्याची पट्टी. पण मग टाच?

"तू हात काढ," मी म्हणाले. "तो हलला तर मी सगळ्यांची माफी मागीन. कान धरून मागीन."

त्यानं हात उचलला. एकेक बोट करून उचलला.

लाटा बसत गेल्या. रेघ सपाट झाली.

आम्ही वाट बघितली. मॅडम, सिस्टर, सलाईनची बाटली उंच धरलेले इलाहीमामा, सहा नंबरच्या आजींची सून सुद्धा दोन पावलं जवळ आलेली. आज्जा पंख्याकडं बघत होता. रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सरळ जात राहिली. मला कधी जिंकताना इतकं वाईट वाटलेलं नाही. मनातल्या मनात मी म्हणत होते, हल की. हल की रे आज्जा, मला खोटं पाड.

"बास," मॅडम हळू म्हणाल्या. त्यांनी मला खूण केली. मी पोटरी चेपली. डोंगर. हात काढला. सपाट. मॅडमनी ती हिरवी पट्टी हिशेबातून काढून टाकली आणि आज्जाचा गोळा पिवळा पण न होता थेट लाल झाला.

काका बाहेर व्हरांड्यात निघून गेला.

पुढं सगळं पटापट झालं. सिस्टर फोनवर कुणाशी तरी अशा बोलल्या की पलीकडच्यानं उभं राहून उत्तर दिलं असणार. हाडांच्या वॉर्डात एक हवेची गादी गुंडाळून पडली होती. "एका पोरीपायी दोन मजले," असं म्हणत इलाहीमामांनी ती आणली आणि सहा नंबरच्या आजींना लावली. आज्जाची जिथल्या तिथं राहिली. सिस्टरांनी त्याच्या पोटरीखाली उशी सरकवली, टाच अधांतरी राहील अशी, आणि मला दाखवलं. "पोटऱ्या चेप. हळू. टाचेला हात लावायचा नाही, चोळायची तर मुळीच नाही. आणि कूस आम्ही वळवू, ठरल्या वेळी."

मॅडम जाताना म्हणाल्या, "सन्मती, खरं सांगू? तुम्ही लोकांनी चेपणं बंद केलंत ना, तर मशीन बरोबर सांगेल."

"आम्ही न्हाई बंद करणार," मी म्हणाले. "मशीनला शिकवा."

त्या दारातच थांबल्या. मग पेन्सिल काढून हातावरच काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी टॅबवर एक नवं बटण आलं होतं: 'घरचे पाय चेपताहेत'. ते दाबलं की चादर तेवढा वेळ गप्प. आत्यानं ते इतक्या आवडीनं दाबलं की सिस्टरांना टॅब लपवून ठेवावा लागला.

पण त्या संध्याकाळी मी आधी व्हरांड्यात गेले. काका कठड्याला टेकून खाली रिक्षास्टँड बघत होता.

"जिंकलीस," तो म्हणाला.

"मला गादी पाहिजे होती, काका."

"पेढे वाटलेत गं मी. उद्या लोक विचारतील."

"विचारू देत. मी सांगीन." मी खोका पुढं केला. "उरलेले आपण खाऊ. वाटलेले परत मागायचे न्हाईत."

तो हसला की रडला, अंधारून आल्यानं मला दिसलं नाही, पण पेढा त्यानं घेतला.

आत आले तर आज्जाजवळ कुणी नव्हतं. पायथ्याशी न जाता मी स्टूल ओढून त्याच्या डाव्या हाताशी बसले. टॅब सिस्टरांच्या टेबलावर होता, मला तिथून रेघ दिसत होती. सपाट. मी नेहमीसारखा रुमाल टाकला, नेहमीसारखी बोटं आत घातली, आणि नेहमीसारखं सांगायला लागले. आज काय झालं, इलाहीमामा काय म्हणाले, मुग्धा मॅडमनी कपाळावर हात कसा मारला. "कारणाशी भांडले, आज्जा," मी म्हणाले. "लंगडं निघालं. गादी ठेवली. काका रडला. सौदा बरा झाला का वाईट, तूच सांग."

आधी मला वाटलं माझीच नस उडतेय. मग करंगळीवर भार आला. मग तिच्या शेजारच्या बोटावर. थांबत, चाचपडत, अंधारात कडी शोधावी तसा तो हात माझ्या बोटांवरून पुढं सरकत आला, आणि त्यानं माझी अख्खी मूठ दाबली.

मी टेबलाकडं बघितलं. तारांची चादर त्याच्या कमरेखाली होती, हातापर्यंत पोचतच नव्हती. रेघ तशीच सपाट.

सिस्टर जाता जाता थांबल्या. "काय गं, काय झालं? हसतेस काय?"

"काय न्हाई," मी म्हणाले आणि रुमाल नीट पसरला. खरा भाव रुमालाखालीच ठरतो. सगळ्यात आधी काकाला बोलवायचं होतं.